गेंग मास्तर आणि एक राहिलेलं वाक्य

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आमच्या डबिंग स्टुडिओच्या संचालिका माननीय मिआओबाई, व्यासपीठावर विराजमान झालेले ज्येष्ठ मालिकालेखक श्री. शांग, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते गेंग मास्तर, त्यांच्या सुविद्य पत्नी, आणि ज्यांना रस्त्यात कुणी ओळखत नाही पण ज्यांच्या आवाजावर अख्खं शांघाय जेवता जेवता रडतं, अशा माझ्या आवाजी भावंडांनो, सगळ्यांना माझा नमस्कार.

संचालिकाबाईंनी मला सात मिनिटं दिली आहेत. मास्तरांना अलीकडे ऐकू कमी येतं आणि निवृत्तीचं कारणही तेच, म्हणून मी माझं भाषण मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या हातात दिलंय. मास्तर, पहिलं पान. हो, तेच. चष्मा कपाळावर आहे.

मास्तरांबद्दल काय बोलू? गेली बत्तीस वर्षं ते काचेच्या त्या बाजूला बसले आणि आम्ही या बाजूला, माइकपुढे. आम्ही चुकलो की ते तोंडाने बोलत नसत. पेन काचेवर दोनदा वाजवत. टक टक. म्हणजे पुन्हा. पेन वाजलं नाही, म्हणजे वाक्य झालं. शाबासकी वगैरे प्रकार नव्हता. मी नवी असताना एकदा पहाटेच उपाशी आले, आणि नायिकेच्या मरणाच्या प्रसंगात माझं पोट माइकमध्ये गुरगुरलं. टक टक. मास्तर बाहेर आले, स्वतःच्या डब्यातले दोन वाफवलेले बन माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "आधी खा. मरायचंय तर पोटभर खाऊन मर." त्या दिवसापासून आजवर मी या इमारतीत उपाशी पाय ठेवलेला नाही.

तर आमचा धंदा. इथे आलेल्या कुटुंबीयांसाठी थोडक्यात सांगते. नटी पडद्यावर ओठ हलवते, आवाज आम्ही देतो. चित्रीकरण होऊन गेलं आणि मग कुणाला वाटलं की संवाद बदलावा, तर नवं वाक्य जुन्या ओठांत बसवायचं. या कामात मास्तरांचा हात धरणारा माणूस मी पाहिलेला नाही. पडद्यावरची बाई 'नाही' म्हणत असली तरी तिच्या ओठांवर ते 'हो' बसवून देत, आणि तिच्या सख्ख्या आईलाही कळत नसे.

माझं म्हणाल, तर माझ्या वाट्याला आल्या एकट्या आया. आजवर सतरा. सतराच्या सतरा जणींची लग्नं या घशातून लागली! पंचविसाव्या भागात पाऊस येतो, कुणीतरी डोक्यावर छत्री धरतं, तो एखाद्या कंपनीचा मालक निघतो, रागीट असतो, आणि पोराचे डोळे थेट त्याच्यासारखे असतात. चाळिसाव्या भागात बार उडतो. शांगसाहेब, हसू नका, सतरातल्या नऊ तुमच्या आहेत. मला खरंच विचारायचंय, एकटी आई शेवटपर्यंत एकटीच राहिली, तर प्रेक्षकांच्या घशाखाली घास उतरणार नाही का?

मास्तर, पान उलटू नका. यापुढचं कागदात नाही.

मी या स्टुडिओत आले तेव्हा माझी मुलगी थोंगथोंग चार महिन्यांची होती. विचारणाऱ्यांना मी सांगितलं, नवरा मालवाहू जहाजावर आहे. चहापाणी आणि किल्ल्या सांभाळणाऱ्या आमच्या फूकाकूंनी चार-पाच वर्षं वाट पाहिली, आणि मग सगळ्यांदेखत म्हणाल्या, "अगं रूलान, तुझा नवरा जहाजावर आहे की पाणबुडीत? वर म्हणून कधी येतच नाही!" सगळे हसले. मीही हसले. फूकाकू, तुम्ही मागे बसला आहात, तुमच्यावर माझा राग नाही. तुम्ही बरोबर ओळखलं होतंत.

जहाज नव्हतं. नवराही नव्हता. एक माणूस होता, आणि आमचं प्रेम होतं, ते मी आज नाकारणार नाही. आईवडिलांची समजूत काढतो म्हणून तो गावी गेला, आणि त्यांनी त्याचीच समजूत काढली. मी पाच महिन्यांची गरोदर होते. घरमालक, शेजारीपाजारी, शाळेच्या अर्जातला वडिलांचा रकाना, सगळ्यांना काहीतरी उत्तर हवं होतं. जहाज सोयीचं पडलं. पोरीलाही तेच सांगितलं.

पंधरा वर्षांपूर्वी एक मालिका आली. नूडल्सचं छोटं दुकान चालवणारी बाई, सहा वर्षांचा मुलगा, लग्न झालेलं नाही. मुलगा वाडग्यावर वाकलेला असताना विचारतो, "बाबा कधी येणार?" ती म्हणते, "बाबा येणार नाहीत. मी आहे." चित्रीकरण असंच झालं होतं. पण प्रक्षेपणाआधी निर्मात्याचं धाबं दणाणलं. त्याचा निरोप आला, बाई बिनलग्नाची नको, वाक्य बदला. नवं वाक्य काय? "बाबा जहाजावर आहेत. पुढच्या वर्षी येतील."

मी कागद हातात घेतला, माइकपुढे उभी राहिले, आणि पहिल्या फटक्यात बोलले. श्वास, ओठ, थरथर, सगळं जागच्या जागी. पेन वाजलं नाही. बाहेर टाळ्या पडल्या. मास्तर मात्र काचेमागून उठून आत आले आणि दार लावून घेतलं.

म्हणाले, "रूलान, हे वाक्य किती वर्षं म्हणतेस?"

मी म्हटलं, "मास्तर, कागद आत्ताच तर मिळाला."

"कागद आत्ता मिळाला. वाक्य तोंडात आधीच बसलेलं होतं. मी दगड फोडत नाही इथे, आवाज ऐकतो."

मग त्यांनी तो प्रसंग पुन्हा लावला, आवाज बंद करून. म्हणाले, "तिच्याकडे बघू नकोस. पोराकडे बघ." मी पाहिलं. आई बोलते, आणि त्या पोराच्या कपाळावरची आठी जाते, खांदे सैल होतात, तो नूडल्सवर फुंकर घालतो आणि खायला लागतो. मास्तर म्हणाले, "याने खरं ऐकलंय. म्हणून खातोय. बाईचे ओठ मी जुळवीन गं, ऐकणाऱ्या पोराच्या चेहऱ्याचं काय करू?"

मालिका त्या खोट्या वाक्यासहच दाखवली गेली, आणि चाळिसाव्या भागात लग्न लागलं, हे सांगायला नकोच. पण त्या दुपारी मास्तर मला म्हणाले, "आता मूळ वाक्य म्हण. कुणासाठी नाही, माझ्यासाठी." मी म्हटलं. टक टक. पुन्हा म्हटलं. टक टक. खोटं एका दमात आलं होतं. खरं अकरा वेळा म्हटलं आणि अकराही वेळा पेन वाजलं. शेवटी आवाजच फुटेना. मास्तरांनी थर्मासमधला नासपतीचा काढा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "राहू दे. होईल कधीतरी."

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर थोंगथोंगला भाजलेलं रताळं घेऊन दिलं आणि चालता चालता सांगितलं. ती म्हणाली, "मग जहाज?" म्हटलं, "जहाजही नाही." तिने रताळ्यावर फुंकर घातली. मग म्हणाली, "बरं झालं. मला वादळाची फार भीती वाटायची."

मंडळी, आपल्याकडे दर उन्हाळ्यात वादळाचा इशारा येतो. माझी पोर दर वेळी खिडकीपाशी उभी राहायची, हलायची नाही. मला वाटायचं, गडगडाटाला घाबरते. ती सगळा वेळ बापाच्या जहाजाची काळजी करत होती! सहा वर्षांच्या जिवाला मी असला घोर लावला होता. ते आठवलं की आजही मला माझीच लाज वाटते.

त्या दिवशी घरातलं जहाज बुडालं. दाराबाहेर मात्र मी ते तरंगत ठेवलं, आणि पोरीलाही ठेवायला लावलं. शाळेत, कॉलेजात, शेजारी, गेली पंधरा वर्षं ती माझ्यासाठी खोटं बोलत आली. एकदाही तक्रार केली नाही. मास्तर निवृत्त होताहेत म्हटल्यावर गेल्या महिन्यात एवढंच म्हणाली, "आई, ते तुझं राहिलेलं वाक्य, मास्तर जायच्या आत म्हणून टाक ना." ती तिसऱ्या रांगेत बसली आहे, निळ्या स्वेटरमध्ये. तिच्या परवानगीनेच बोलते आहे.

संचालिकाबाई, सातची चौदा मिनिटं झाली, मला दिसतंय. आवरते. या स्टुडिओने माझ्या मुलीला आणि मला एकवीस वर्षं पोसलं, त्याबद्दल आपले आणि सर्वांचे मनापासून आभार. गेंगबाई, तुमच्या डब्यातले बन मास्तरांच्या नावावर मीच खाल्ले, तुमचेही आभार. निरोपाच्या दिवशी स्वतःचंच गाऱ्हाणं मांडलं, मास्तरांच्या गुणांचं धड वर्णनही केलं नाही, एवढं चुकलंमाकलं पोटात घाला.

मास्तर, इकडे बघा. कान गेले तरी बत्तीस वर्षं ओठ वाचलेत तुम्ही, तेव्हा कागदाची गरज नाही. आज काच नाही, पण समोर टेबल आहे आणि तुमच्या खिशात पेन आहे. बाराव्यांदा म्हणते.

थोंगथोंग, बाबा येणार नाहीत. मी आहे.

मास्तर, तिच्या चेहऱ्याकडे बघा आधी. बघितलंत? आता वाजवायचं असेल तर वाजवा.

पेन हातात आहे तुमच्या.

नाही वाजवत?

आभारी आहे.