सशाची न्याहारी

अगं, माझ्या सोवळ्यापायी नातीचा ससा मरता मरता वाचला! पहाटे मी पूजेला बसले की हा स्वतःच्याच मऊ लेंड्या खायचा. शी, देवासमोर! मी रोज उचलून टाकायचे. पंधरा दिवसांत ससा मलूल, नात रडकुंडीला. परळच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकू, लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथे पिशवी असते, अंधनाल. आपली जेमतेम बोटभर, याची जठराहून मोठी! गवताचं सत्त्व तिथे तयार होऊन त्या लेंड्यांतून येतं. तुम्ही त्याचं जेवणच फेकत होता."

एवढ्याशा जिवात देवाने केवढं कोठार दिलंय! दुसऱ्या पहाटे त्याने मान खाली घातली, तशी मी डोळे मिटले. म्हटलं, "जेव रे बाबा, मी बघत नाही."