आठवी ब च्या तासाला तोडलेल्या कुलपाबाबत

मी, विज्ञान शिक्षिका, वय ५४ वर्षे, नोकरी सव्वीस वर्षे, राहणार शाळेमागची गल्ली, शिंप्याच्या दुकानावर पहिला मजला, पोलीस ठाण्यात समक्ष हजर होऊन विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर आईसह राहते. मुख्याध्यापकांनी माझ्याविरुद्ध चोरीची तक्रार दिल्याचं मला आज दुपारी कळलं.

सदर शाळेला दोन वर्षांपूर्वी बारा टॅब देणगीत मिळाले. त्यांत ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटीची सोय आहे. म्हणजे खुणेचा कागद बाकावर ठेवून वर टॅब धरला, की त्या बाकावरच हृदय उभं दिसतं, ठोके देतं, आपण भोवती फिरलो तर मागूनही दिसतं. टॅब आले तेव्हापासून मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात आहेत. पाहुणे आले की बाहेर, फोटो झाला की आत. मी तीन वेळा लेखी मागणी केली. पोच सोबत जोडली आहे. उत्तर तोंडीच मिळालं, "बाई, मुलं फोडतील."

आठवी ब मध्ये एक मुलगी आहे. वर्गात तिला मुंगी म्हणतात. तिच्या हृदयातल्या पडद्याला जन्मापासून भोक आहे. येत्या सोमवारी शस्त्रक्रिया आहे. काल मधल्या सुट्टीत मुलींनी तिला विचारलं, "तू मरणार का गं?" तिने डबा न उघडता घरी नेला. हे तिच्या आईने मला सांगितलं.

आज सकाळी ९.१० वाजता मी मुख्याध्यापकांकडे चावी मागितली. ते म्हणाले, "बुधवारी तपासणी आहे. ती होऊ दे, मग बघू."

मी म्हटलं, "सर, सोमवार त्याच्या आधी येतो."

त्यांनी फोन कानाला लावला. ९.४० वाजता ते मैदानावर गेल्यावर मी प्रयोगशाळेतल्या हातोडीने कपाटाचं कुलूप जाणूनबुजून तोडलं. शिपाईमावशींनी मला कसलीही मदत केलेली नाही. त्यांनी फक्त दार धरलं.

वर्गात सेहेचाळीस मुलं होती. चौघांत एक टॅब दिला. मुंगी बाकाभोवती फिरली आणि तिने हवेत बोट ठेवलं. "इथे. इथून डावीकडचं रक्त उजवीकडे शिरतं, म्हणून मला धाप लागते. डॉक्टर इथे ठिगळ लावणार."

मागून कुणीतरी विचारलं, "एवढंसंच?"

ती म्हणाली, "एवढंसंच."

त्यानंतर वर्गात जे झालं त्याचा तपासाशी संबंध नाही असं मला सांगण्यात आलं, म्हणून सांगत नाही.

१०.२५ वाजता मुख्याध्यापक आले. मुंगीच्या हातातला टॅब त्यांनी ओढून घेतला. म्हणाले, "ही सरळसरळ चोरी आहे!" शाळेची वस्तू शाळेतल्याच मुलांच्या हातात दिली, याला चोरी म्हणत असतील तर खुशाल नोंदवा. पंचनाम्यात बाराच्या बारा टॅब आहेत. एकावरही ओरखडा नाही.

माफीनामा दिल्यास तक्रार मागे घेऊ, असा निरोप आला आहे. मी तो देणार नाही.

हवालदारांनी हा मजकूर मला वाचून दाखवला. त्यात "कुलूप चुकून तुटले" असं होतं. तुमच्याच भल्यासाठी लिहिलं, असं ते म्हणाले. मी ते खोडायला लावलं आणि खाडाखोडीवर सही केली. बाकी सगळं मी सांगितलं तसंच आहे, बरोबर आहे.