अकरा आणि बाराच्या मधली फळी

हॅलो?… कोण?… अगं अपेक्षा, तू होय. मग नंबर कुणाचा हा?… ऑफिसचा. थांब, पंखा बंद करते, काही ऐकू येत नाही.

हां, बोल… तुझी आई ना, बरी आहे. पलीकडे सुकट भाजतेय, वास इथवर आलाय. देऊ तिला? मधल्या फळीवर ठोकते…

नको? शांताकाकीशीच बोलायचंय? आणि आईला कळू द्यायचं नाही… काय गो, लग्नबिग्न जमवलंस की काय?

…चाळीचा नकाशा. हो, हो, ठाऊक आहे. अख्ख्या मजल्याला ठाऊक आहे. चाळ पाडणार आणि तिचा नकाशा आमचीच पोरगी कॉम्प्युटरवर बसवतेय. तुझी आई पाणी भरताना रोज सांगते. बरं, मग?

खोल्या काय झाल्यात?… एकमेकींवर चढल्यात? कुठल्या?… अकरा नि बारा. म्हणजे माझी नि तुमची. अगं, चढल्या असत्या तर मला कळलं असतं ना, मी इथेच बसलेय.

…स्क्रीनवर. हं… तांबडा पट्टा… दीड फूट रुंद. तेवढी जागा दोन्ही खोल्यांत धरली गेलीय. आणि मशीन म्हणतं, एक जागा एकाच खोलीची पाहिजे, नाहीतर नकाशा पुढे जाणार नाही. शहाणं आहे की मशीन.

मोजणाऱ्यांना विचार मग. ते दोघे नव्हते का आले, भिंतीवर लाल ठिपका पाडणारे… अगं पण माझी खोली कुठे मोजली त्यांनी? मी शिमग्याला गावी. दाराला कुलूप. तुझी आई म्हणालीसुद्धा, चावी आहे माझ्याकडे. तर म्हणे राहू दे… अच्छा. म्हणजे माझी खोली मालकाच्या जुन्या कागदावरून उचलली आणि तुमची खरी मोजली… मग बरोबर आहे. होणारच तसं.

अगं ऐक ना… ऐकतेस का… काय म्हणालीस?… परत म्हण.

"बाबांनी जागा खाल्ली"?

अपेक्षा, गौतमला जाऊन चार वर्षं झाली. त्याच्याबद्दल असं बोलायचं नाही. माझ्याजवळ तर नाहीच नाही… कागद काय म्हणतो ते मला ठाऊक आहे. कागदावर फळी दीड फूट तुमच्या बाजूला आहे. म्हणून तू सकाळपासून तोंड पाडून बसलीस? जेवलीस का?… बघ. बापाला चोर ठरवायचं, तेही उपाशीपोटी.

आता मध्ये बोलू नको. तू झालीस तेव्हा त्या खोलीत सहा माणसं… हो, तुझा राकेशकाकाही तेव्हा तिथेच. तुझा पाळणा टांगला फळीला लागून, दुसरीकडे जागाच नव्हती. झोका दिला की फळीवर ठक्. तू दचकायचीस, रडायचीस. परत झोका, परत ठक्. आमच्या ह्यांनी आठ दिवस ऐकलं. मिलच्या सुतारखात्यातला माणूस, लाकडाला उगाच मार बसलेला त्यांना सोसायचा नाही. रविवारी उठले, फळ्या काढल्या नि दीड फूट आमच्या बाजूला आणून बसवल्या.

…गौतम? तो नको नकोच म्हणत होता. शेवटी बाजूला उभा राहून एकेक खिळा ह्यांच्या हातात देत राहिला. मान वर केली नाही त्याने.

…नाही सरकवली परत. पण विचारायला आला होता, दोनदा. तू बालवाडीत गेलीस तेव्हा एकदा, नि दहावीला एकदा. दहावीला हे म्हणाले, गौतम, आता तिथे पोरीचं टेबल आहे, कुठे हलवतोस.

…रडतेस का?… पूस डोळे, साहेब बघेल.

मग आता कसं करतेस?… चारच्या आत पाठवायचंय. बटण दाबलं की कागदाप्रमाणे आपोआप माझ्याकडे येईल… आणि तू ते दाबणार होतीस. दाबायचं नाही. फळी आहे तिथे रेघ ओढ… अगं, दिलेलं परत घ्यायला मी काय… हो, नव्या घरात कमी होईल माझी जागा, होऊ दे. आमच्या अजितला मी सांगते. तो काय बोलणार? शाळेतून आला की तुझा पाळणा तोच हलवायचा… सह्या? देऊ की, मी नि तुझी आई. उद्या माणूस पाठव.

ओढ. मी धरते फोन…

गेला पट्टा? बरं झालं.

…आता आणि काय?… बारीक फट? अकरा नि बाराच्या मध्ये, कुणाचीच नाही अशी?… अगं बाई, आपली वाटीची फट दिसली की काय मशीनला… हसू नको… रेघच जुळली नाही होय. मला वाटलं, खालची कापलेली फळी दिसली. तीही तुझ्याच वेळची हो, बाळंतिणीला खिरीची वाटी सरकवायला. नकाशातली बुजव तू. इथली राहू दे, पाडायला येईपर्यंत.

थांब हां… फटीतून वाटी आली. सुकट… हो, तुझ्या आईचा हात… ऐकलं असणार सगळं, फळीतून काय राहतंय… वाटी घेतली गो मी. पण ती हात मागे घेत नाहीये…

अपेक्षा, एका हातात फोन, एका हातात वाटी. तिचा हात कशाने धरू? ठेवते.