शेअरचा कळप

सोलापूरच्या स्टँडवर, दुपारच्या पेंगुळलेल्या उन्हात, विजयमाला कुंभारीच्या बसची वाट बघत होती. शेजारचे पटकेवाले आजोबा मोबाइलवरून डोळे काढत नव्हते. त्यांची बायको बजा त्यांच्याकडे बघत होती.

"आनखी पडला भाव. चार शेळ्या इकून शेअर घेतले, त्यातल्या दोन गेल्या बघ, बजे."

"सकाळपासनं किती येळा मोजलं?"

"बगतोय की सारखा."

"मग पडंल न्हाय तर काय! कळप असा सारखा मोजत्यात व्हय? दिष्ट लागती."

"आगं, करेक्शन म्हनत्यात ह्याला, भाव पडून परत चढतो. आपल्या नातीनं, ऋतुजानं सांगितलंय."

"तिला काय ठावं? तिनं कवा शेरडं राखली?"

"आत्ताच इकतो सगळे. उरल्यात त्या दोन तरी वाचतील."

"आना हिकडं." मोबाइल आजींच्या पदराखाली गेला. "आता डोळं झाका."

"झाकले."

"कुटं चरत्यात?"

"मुंबईला. समिंदराच्या कडंला."

"गवात हाय का तितं?"

"लई हाय. गुडघ्याएवढं. वाराबी गार सुटलाय."

"बरी हायती न्हवं?"

"वाळल्यात जरा. पन मागची काळी गाभण दिसती गं."

"मग? गाभण जित्राब कोन इकतं व्हय? पडा निवांत. बस आली की उठविते."