मशीन गप्प झालं त्या सकाळी

दवाखान्याच्या बाकावर आम्ही चौघं बसलो होतो, तेवढ्यात कोपऱ्यातली विजेची किटली खळखळू लागली. बोटाला फडकं गुंडाळून बसलेल्या एफीआजी दचकल्या आणि शेजारी बसलेल्या लाझरसकडे वळल्या.

“लाझरस, अरे, लाइट आहे?”

“आहे की, काकू. बोटाला काय केलंस?”

“सकाळी गावाचं डिझेलचं मशीन थांबलं. म्हटलं, लाइट गेली, आता फ्रीझरमधलं सगळं कॅरिबूचं मांस सडणार! कापून धुरीला टांगावं म्हणून एक मांडी काढली, तर गोठलेल्या मांसावरून सुरी निसटली.”

“अगं, मशीन बिघडलं नाही. आपणच बंद केलंय. आजपासून उन्हाळाभर गाव सोलारवर.”

“आपल्या त्या टेकाडावरच्या?”

“मग? उणे चाळीसमध्ये आम्ही खांब रोवले, ते काय तुझे मोजे वाळत घालायला?”

“मला कुणी सांगितलंसुद्धा नाही!”

“रेडिओवर तीनदा सांगितलं.”

“त्या मशीनच्या घरघरीत रेडिओ ऐकू येतो कधी?”

“आता येईल.”

“म्हणजे माझं मांस...”

“दगडासारखं असेल. पुढचा हिवाळा येईपर्यंत खा. ती मांडी मात्र आज शिजवावी लागेल, मी येतो जेवायला.”

“मेल्या, तू कांदे सोलायला ये!”

आजी इतक्या हसल्या की फडकं सुटलं.

माझ्या मांडीवर बसलेली लेक मात्र उघड्या खिडकीकडे कान लावून बसली होती. बाहेर कुठलासा पक्षी एकसारखी शीळ घालत होता.

“आई, हा रोज इथेच असतो?”