न सारवलेल्या भिंती

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या गावचे सरपंच माननीय बबनराव, व्यासपीठावरील सन्माननीय डॉक्टरसाहेब, ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो आहोत ते हिवताप खात्याचे निरीक्षक ज्योतीराम, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या त्यांच्या पत्नी सुमनताई, समोरचे ग्रामस्थ बंधू आणि आजचे काम बुडवून ओढ्याकाठच्या वस्तीवरून आलेल्या माझ्या मजूर भगिनींनो,

मी यशोदाबाई, या शाळेत मुलींचा वर्ग घेते. थोडक्यात बोला, अशी अध्यक्षांची सूचना आहे. पण बबनरावांनी प्रास्ताविकात आपल्या नव्या विहिरीचा साद्यंत इतिहास सांगितला, तेव्हा थोडी सवलत मलाही मिळावी.

पाहुण्यांच्या नजरा मघापासून भिंतींकडे जात आहेत, हे मी पाहते आहे. दारात रांगोळी आहे, तोरण आहे, जमीन स्वच्छ सारवली आहे, आणि भिंती तेवढ्या पांढऱ्या ओघळांनी भरलेल्या. काल बबनरावांनी व्यासपीठामागे झाकायला म्हणून सतरंजी टांगली होती. आज सकाळी ओढ्याकाठच्या वस्तीवरच्या आमच्या सोजराबाईंनी ती उतरवून खाली अंथरली. आपण तिच्यावरच बसला आहात. असे का झाले, तेवढे मला सांगू द्या.

ज्योतीराम सोलापूरकडचे. पाठीवर पंप घेऊन ते पहिल्यांदा आले, तेव्हा आपण त्यांचे स्वागत कसे केले? पोरे मागे धावली आणि मोठ्यांनी दारे लावून घेतली. पुढे कोणाच्या तरी घरात डीडीटी मारली आणि तिथले ढेकूण मेले. मग काय विचारता, घरोघरी बोलावणी. डास मारायला आलेल्या माणसाचा पहिला सत्कार या गावाने ढेकणांसाठी केला. दुसऱ्या वर्षी ढेकूण परत आले, तसे ज्योतीराम पुन्हा नकोसे झाले. तरी हा माणूस चिडला नाही. एकच सांगत राहिला, "बायांनो, भिंत सारवू नका. औषध भिंतीवर आहे. डास चावून भिंतीवर बसतो आणि तिथेच मरतो. वरून शेण लिंपलंत, तर औषध आत गाडलं जातं."

पटत होते, पण ऐकायचे कसे? दसरा तोंडावर आलेला. वर्षाचा सण आणि ओघळलेल्या भिंती? पाहणारा म्हणेल, या घरात सुतक आहे. साऱ्या वस्तीने भिंती सारवल्या. सोजराबाईंनीही सारवल्या, वर पांढऱ्या मातीचा हात दिला. कार्तिकात बाजरीच्या खळ्यावरून त्यांचा भैरू थंडीने कुडकुडत घरी आला. ताप डोक्यात गेला. कोयनेल, म्हणजे हिवतापाचे औषध, आणायला माणूस चाकणला गेला होता, तो परत येईपर्यंत भैरू राहिला नव्हता. नवरा आधीच गेलेला, हा हाताशी आलेला एकुलता मुलगा. मागे सोजराबाई आणि लेक छबू.

ज्योतीराम भेटायला आले आणि उंबऱ्याशी बसून राहिले. सोजराबाईंनीच विचारले, "भाऊ, खरं सांगा. भिंत म्या सारवली म्हून झालं का?"

ते म्हणाले, "मावशी, डास ओढ्यावर चावतो, खळ्यावर चावतो. भैरूला कुठं चावला, हे कोण सांगणार? तुम्ही ते मनात धरू नका."

हे खरे होते, की त्या माउलीसाठी बोलले, ते मी त्यांना कधी विचारले नाही. आजही विचारणार नाही.

पुढच्या श्रावणात पुन्हा फवारणी झाली, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी छबूला पाहायला थेरगावची मंडळी येणार असे ठरले. मुलगा देहूरोडच्या डेपोत कामाला, घर चांगले. मोलमजुरी करणाऱ्या विधवेच्या मुलीला असे स्थळ रोज सांगून येते का? शेजारणी शेणाच्या पाट्या घेऊन मदतीला आल्या. सोजराबाईंनी जमीन सारवू दिली, भिंतीला हात लावू दिला नाही. मला बोलावले होते, कारण त्यांच्या बाजूने चार शब्द बोलायला घरात पुरुष माणूस नव्हते. मीसुद्धा त्यांना म्हटले, आजचा दिवस सारवा, मुलीचे नशीब आहे.

ज्योतीरामांच्या कानावर गेले. ते सकाळीच पंप घेऊन हजर. म्हणाले, "मावशी, खुशाल सारवा. पाहुणे गेले की मी पुन्हा फवारून देतो."

सोजराबाई म्हणाल्या, "आन औषध कुनाच्या वाटनीचं? माझ्या घरात दोनदा माराल, तवा कुनाचं तरी घर ऱ्हाईल. त्या घरातबी एखादा भैरू आसंल."

ज्योतीरामांनी पंप उचलला आणि मान खाली घालून निघाले. मीही पुन्हा सारवा म्हटले नाही. मला गप्प बसवणे किती अवघड आहे, ते अध्यक्षांना विचारा.

पाहुणे आले. मुलाची आई अंबूबाई, मोठ्या करारी. घोंगडीवर बसल्या, चहाची बशी हातात घेतली आणि नजर भिंतीवर गेली. बशी खाली ठेवली. छबूकडे पाहिलेही नाही. म्हणाल्या, "घरात सुतक हाय का?"

आता या उठणार, हे उघड दिसत होते.

सोजराबाई म्हणाल्या, "हुतं. मागल्या कार्तिकात. पोराला हिवतापानं न्हेलं. त्या साली आमी भिंती सारवल्या हुत्या. ह्ये पांढरं दिसतंय त्ये औषध हाय. लेकीचं लगीन मोडलं तर दुसरं जुळंल, पन भिंत म्या सारवनार न्हाई."

अंबूबाई उठल्या, भिंतीपाशी गेल्या, ओघळावरून बोट फिरवले. परत येऊन बसल्या, गार झालेला चहा प्यायल्या आणि मला म्हणाल्या, "बाई, ह्यो औषधवाला थेरगावात कवा यायचा?"

लग्न त्याच भिंतींसमोर लागले. त्यानंतर वस्तीवर एकीनेही भिंत सारवली नाही. जे ज्योतीरामांच्या सांगण्याने झाले नाही, ते त्या दिवशी झाले, आणि याचा सर्वांत जास्त आनंद ज्योतीरामांनाच झाला. त्यांचा मोठेपणा मला यात दिसतो. गेल्या कार्तिकात वस्तीवरची माणसे अंथरुणाला खिळली नाहीत, बाजरीच्या कापणीला उभी होती. बबनराव, तुमची बाजरी वेळेवर घरात आली, तिचे थोडे श्रेय विहिरीकडून काढून इकडे द्या.

आता एकच सांगते आणि बसते. छबूला दिवस गेले आहेत, पहिलटकरीण आहे. रीतीप्रमाणे बाळंतपण माहेरी. गेल्या आठवड्यात अंबूबाई तिला घेऊन स्वतः आल्या. दारातूनच म्हणाल्या, "थांब गं, आदी भिंती बघू दे." आत गेल्या, चारी भिंती नीट पाहिल्या. सारवलेली एकही नाही, अशी खात्री केली आणि मगच सुनेला उंबरा ओलांडू दिला. ती छबू आज त्या खांबाशी बसली आहे.

ज्योतीराम, तुमची बदली झाली आहे. नव्या गावातही तुमच्यासमोर दारे लागतील. तेव्हा सुमनताईंनी आमच्या सोजराबाईंची गोष्ट तिथल्या बायकांना सांगावी, एवढी विनंती. तुमच्या कपड्यांना येणारा तो औषधाचा वास आम्हांला घरच्या माणसाचा वाटू लागला होता. त्याची आठवण येईल.

अध्यक्षांनी मला बोलू दिले, डॉक्टरसाहेब वाट वाकडी करून आले, आणि वस्तीवरच्या भगिनींनी हातातले काम टाकून ही शाळा भरून टाकली, त्या सर्वांची मी ऋणी आहे. बोलण्यात कोणाला लागले असेल, मानपानात काही उणे राहिले असेल, तर ते मोठ्या मनाने पोटात घालावे.

भिंतींबद्दल मात्र आम्ही क्षमा मागत नाही.