यादीतले बारावे नाव

दहा वाजता अर्डिस लुंडच्या थरथरत्या हातांतून कॉफी सांडली होती. साडेदहाला तेच हात सुईत दोरा ओवत होते. आत तिच्या नवऱ्याच्या, आर्नीच्या, हृदयावरची शस्त्रक्रिया अजून चालूच होती. रुग्णालयाच्या प्रतीक्षा-खोलीत समोर बसलेले भौतिकशास्त्राचे शिक्षक मेरिट ऐकू लागले.

"वहिनी, शांत व्हायची गोळी घेतलीस का गं?" नणंद कोरीनने विचारले.

"नाही. चर्चमधल्या वॉल्टरचा फोन आला होता."

"त्या म्हाताऱ्याचं काय काम?"

"प्रार्थनेच्या यादीतला प्रत्येक जण पुढच्याला फोन करतो ना? त्यानं कागदावरचं वाचून दाखवलं, 'आर्नी लुंडचं ऑपरेशन आहे, प्रार्थना कर. त्याच्या बायकोसाठीही कर, बिचारी घाबरट आहे.'"

"तुलाच?"

"यादीत माझं नाव बारावं. काढायचं कुणाला सुचलंच नाही."

"मग काय म्हणालीस?"

"करते म्हटलं. सकाळपासून प्रार्थनेचा एक शब्द सुचत नव्हता बघ. पण अकरा जण आधीच देवाकडे मागून बसलेत, मला नुसतं त्यांच्यात बसायचं होतं. बसले."

"घाबरट मात्र आहेस हं."

"होते."

मेरिट स्वतः प्रार्थना करत नसत. तिचे हात स्थिर होण्याचे कारण मात्र त्यांनाही स्पष्ट दिसत होते: तिने प्रार्थना केली होती, आणि ती एकटी नव्हती.